तांब्याला भुकेलेली वाळू

लोहाचं पाणी लागलेली बोअर ज्यांच्या दारात आहे त्यांना हे माहीत असतं. उपसलेलं पाणी नितळ दिसतं, पण बादलीत काही वेळ राहिलं की पिवळट होतं आणि तळाला तांबूस गाळ बसतो. खोल भूजलात प्राणवायू नसतो, म्हणून लोह विरघळलेलं राहतं. हवा लागली की त्याचा गंज होतो.

डेन्मार्कमध्ये पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी भूजल आहे. त्यात लोहाबरोबर मँगनीज आणि अमोनियमही असतं. तरी बहुतेक ठिकाणी क्लोरीन घालत नाहीत. पाण्यात हवा खेळवायची आणि ते वाळूच्या थरांतून सोडायचं, एवढ्यावर भागतं. कारण ती वाळू जिवंत आहे. बरीच वर्षं चाललेल्या फिल्टरमधली वाळू मुठीत घ्या, तिच्या कणांवर काळपट-तपकिरी लेप दिसतो. तो लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांचा, आणि त्याच्या खाचाखोचांत जिवाणूंची वस्ती असते. गॅलिओनेला हा जिवाणू लोहाच्या ऑक्सिडीकरणावर जगतो आणि मागे गंजाचा पीळदार धागा सोडत जातो.

अमोनियमचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगवेगळे, असं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राद्स्कीच्या 1890 च्या सुमाराच्या प्रयोगांपासून मानलं जाई. 2015 मध्ये ही दोन्ही कामं एकटाच करणारा नायट्रोस्पायरा जिवाणू सापडला. डेन्मार्कच्या वाळूतही तो भरपूर आहे. हे काम अर्धवट राहिलं तर पाण्यात नायट्राइट उरतं, आणि ते तान्ह्या बाळांसाठी घातक आहे.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिथल्या आजारी फिल्टरांची गोष्ट. काही फिल्टरांत हवा पुरेशी, वाळू चांगली, तरी अमोनियम उरायचं. शेवटी उणीव सापडली ती तांब्याची. अमोनियम पचवणाऱ्या जिवाणूंच्या मुख्य विकराला तांबं लागतं आणि त्या भूजलात ते नावालाही नव्हतं. लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबात तांबं दिल्यावर काही आठवड्यांत फिल्टर सुधारला. जंतू मरावेत म्हणून आपण पाणी तांब्याच्या हंड्यात ठेवत आलो. इथे तोच धातू, अगदी कणभर, जंतूंना जगवण्यासाठी द्यावा लागला!

अर्थात या वाळूलाही मर्यादा आहेत. शेतातून झिरपलेलं नायट्रेट ती काढत नाही. ते मुळात जमिनीत उतरू न देणं हाच खरा उपाय.

साचलेला गाळ काढायला फिल्टरमधून अधूनमधून उलट दिशेने पाणी सोडतात, तेही वस्ती उखडणार नाही अशा बेताने. नव्या फिल्टरमध्ये तर मँगनीज नीट निघायला कित्येक महिने जाऊ शकतात. अशा वेळी चालू फिल्टरमधली थोडी जुनी, काळी वाळू आणून नवीत मिसळतात. दुधाला विरजण लावावं, तशी.