टिपाडातल्या अळ्या

टिपाडाचं झाकण उचलताना आशाताई आपली सावली पाण्यावर पडू देत नाहीत. सावली हलली की अळ्या सर्रकन तळाला जातात आणि पाणी स्वच्छ वाटायला लागतं. त्या बाजूनं बॅटरी मारतात, थोडं थांबतात. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासाची अळी डोकं खाली करून तिरकी लटकते. हिवतापाच्या डासाची पाण्याला समांतर पडून राहते. एकदा बघितलं की फरक विसरत नाही.

चुडावा हे परभणी जिल्ह्यातलं, पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं गाव. पावसानं उघडीप दिली होती तेव्हा मी अळ्यांच्या सर्वेक्षणात त्यांच्यासोबत घरोघर फिरलो. रांजण, हौद, कूलर, फ्रीजमागचा ट्रे, जनावरांची कुंडी, गच्चीवरचे टायर. शंभर घरांमागे अळ्या सापडलेली भांडी किती, हा आकडा वहीतून वर जातो.

“पाणी सांडा म्हणता, पर नळ कवा येईल त्याचा भरवसा हाय का?” एका मावशींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. मराठवाड्यात पाणी साठवावंच लागतं, त्यामुळे इथं पाऊस पडला तरी डास वाढतात आणि ओढ दिली तरी वाढतात. ताईंनी पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात काढायला लावलं आणि रिकामं टिपाड आतून घासून घेतलं. पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात, म्हणून घासणं महत्त्वाचं. जो हौद रिकामा होत नाही, त्यात टेमिफॉस हे अळीनाशक. गाव याला ‘अबेटिंग’ म्हणतं.

हवेचा हात डास वाढवण्यापुरताच नाही. रक्तासोबत डासाच्या पोटात गेलेला डेंग्यूचा विषाणू त्याच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. उष्मा वाढला की हा काळ आखडतो. डासाचं आयुष्यच दोन-चार आठवड्यांचं, त्यामुळे वाचलेला प्रत्येक दिवस विषाणूच्या फायद्याचा. मे महिन्याचं परभणीचं ऊन मात्र डासालाच सोसत नाही. पावसाळ्याची उबदार, दमट हवा त्याला मानवते.

आणि वस्ती? एडिसची मादी सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. जुन्या गावठाणात घरं भिंतीला भिंत लावून आहेत; तेवढ्या अंतरात कितीतरी कुटुंबं येतात. शेतातल्या आखाड्यावर तीच मादी एका घराभोवती फिरत राहते. गावाबाहेर विषाणू नेतो तो माणूस, तापातच नांदेडची गाडी पकडणारा.

विषाणूचे वाण बदलतात तेही याच वाटेनं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली, ती आशियाई वाणाची. नंतर तीसेक वर्षं रोग जवळजवळ गप्प. २००५-०६ मध्ये तो परतला, देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासल्यावर वाण आफ्रिकी निघाला. पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या डासांत तो २००० सालीच आढळला होता. २००५-०६ च्याच सुमारास रियुनियन बेटावर या विषाणूच्या एका प्रथिनात एकच बदल झाला आणि एडिस आल्बोपिक्टस या दुसऱ्या डासातही तो जोमानं वाढू लागला. २००७ मध्ये केरळच्या झाडीत हाच बदललेला विषाणू दिसला, कारण तिथं तो डास मुबलक. चुका तर विषाणू नकला करताना सतत करतो. त्यातली कुठली टिकणार हे तिथला डास, तिथली हवा आणि तिथली दाटी ठरवते. म्हणून टिपाडावरच्या झाकणाला मी किरकोळ मानायला तयार नाही. एक रुग्ण कमी झाला, तर विषाणूच्या तेवढ्या नकला कमी होतात.

अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून फेरी दर आठवड्याला हवी. सोयाबीनची काढणी लागली की दिवसा दारांना कुलपं दिसतात. ती घरं ताई वहीत वेगळी लिहितात आणि माणसं शेतातून परतल्यावर पुन्हा गाठतात.