परदेशातून परतलेला शिक्षक आणि त्याची अनुभवपत्रे

नागपूरहून मेहकरमार्गे जालन्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, सिंदखेडराजाच्या अलीकडे दुसरबीड हे गाव लागते. बुलढाणा जिल्ह्यातील इतर मोठ्या गावांप्रमाणे येथेही शेतीच्या जोडीला शिक्षकाची नोकरी हा भरवशाचा आधार मानला जातो. परंतु २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने राज्यात शिक्षकभरतीवर निर्बंध आले आणि पुढे पात्रता परीक्षा व अभियोग्यता चाचणी यांचे टप्पे सुरू झाले. अशा काळात अध्यापनाची पदविका किंवा पदवी हाती असलेल्या तरुणांचे लक्ष दूरच्या शाळांकडे जाणे स्वाभाविक होते. आखाती देशांत भारतीय अभ्यासक्रमाच्या अनेक शाळा असून भारतीय शिक्षकांना तेथे मागणी असते.

परदेशी जाण्याविषयी मार्गदर्शन करणारे पुष्कळ भेटतात. परत आल्यावर काय करावे, हे सांगणारे थोडे. करार पूर्ण करून, निरोप घेऊन परतलेल्या शिक्षकाला फारशी अडचण येत नाही. खरी अडचण येते ती वाद घालून, मुदतीपूर्वी, सूचना न देता किंवा सुटीत गावी येऊन पुन्हा न गेलेल्या शिक्षकाला. नव्या शाळेच्या अर्जात ‘मागील संस्थेचे अनुभव प्रमाणपत्र’ आणि ‘संदर्भासाठी दोन व्यक्तींची नावे’ हे दोन रकाने समोर येतात व तो थांबतो. कोणी ती दोन-तीन वर्षे अर्जातून गाळून टाकतो. कोणी त्याहून वाईट मार्ग धरून खोटे प्रमाणपत्र तयार करवून घेतो. वास्तविक या दोहोंचीही आवश्यकता नसते.

तीन निरनिराळे कागद

या विषयातील बराचसा गोंधळ तीन वेगळे कागद एकच समजल्यामुळे होतो. पहिला कागद सेवा किंवा अनुभव प्रमाणपत्राचा. त्यात रुजू झाल्याची तारीख, सेवा संपल्याची तारीख, पद व कामाचे स्वरूप एवढीच वस्तुस्थिती असते. दुसरा कागद कार्यमुक्तीचा. संस्थेचे व कर्मचाऱ्याचे परस्परांकडे काही देणे राहिलेले नाही, असे तो सांगतो. तिसरा शिफारसपत्राचा, त्यात लिहिणाऱ्याचे मत असते.

यांपैकी शिफारस ही कोणाकडूनही हक्काने मागता येत नाही. ज्याच्याशी भांडण झाले त्याने आपली स्तुती करावी, ही अपेक्षाच चुकीची होय. परंतु सेवा प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या खाजगी क्षेत्रासाठी २०२१ साली झालेला आणि २ फेब्रुवारी २०२२ पासून अंमलात आलेला कामगार कायदा असे सांगतो, की कामगाराने मागणी केल्यास नियोक्त्याने अनुभव प्रमाणपत्र विनाशुल्क द्यावे आणि त्याच्या लौकिकास बाध येईल किंवा पुढील नोकरीची संधी कमी होईल असे काही त्यात लिहू नये. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यातही सेवा प्रमाणपत्र विनाशुल्क देण्याची तरतूद आहे. म्हणून परतलेल्या शिक्षकाने शिफारस न मागता केवळ वस्तुस्थितीचे प्रमाणपत्र मागावे. मागणी जितकी लहान, तितकी ती मान्य होण्याचा संभव अधिक.

पत्र कसे लिहावे

समजा, दुसरबीडची एक पदवीधर शिक्षिका आखातातील एका शाळेत दोन वर्षे शिकवून, तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर घरच्या आजारपणामुळे परत आली आणि सूचनेची मुदत न पाळल्याने संस्था नाराज झाली. पुष्कळजण अशा वेळी एक तर काहीच लिहीत नाहीत किंवा जुन्या तक्रारींनी भरलेले लांबलचक पत्र लिहितात. दोन्हींचा उपयोग होत नाही. पत्र शाळेच्या अधिकृत पत्त्यावर, प्राचार्य व कर्मचारी विभाग या दोघांच्या नावे असावे. त्यात चारच गोष्टी याव्यात: आपले नाव, पद व सेवेचा काळ, मुदतीपूर्वी सेवा सोडल्याचा स्पष्ट उल्लेख व त्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी, करारानुसार आपल्याकडे काही रक्कम निघत असल्यास ती कळविण्याची विनंती, आणि केवळ तारखा व पद नमूद केलेल्या सेवा प्रमाणपत्राची मागणी.

संस्थेने वेतन थकविले असेल किंवा वागणूक वाईट दिली असेल, तर तो स्वतंत्र तक्रारीचा विषय होय. ती तक्रार अवश्य करावी. पण प्रमाणपत्राच्या पत्रात ती मिसळू नये. तीन-चार आठवड्यांत उत्तर न आल्यास एक स्मरणपत्र पाठवावे. दोन्ही पत्रांच्या प्रती जपून ठेवाव्यात. उत्तर आले नाही तरी आपण मागणी केली होती, याचा तो पुरावा ठरतो.

संस्थेने दाद दिलीच नाही, तर त्या देशाच्या कामगार खात्याकडे तक्रार करता येते. भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास यांच्याकडेही जाता येते. परदेशस्थ भारतीयांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली ‘मदद’ ही संगणकीय सेवा सुरू केली असून तेथे गावी बसूनही तक्रार नोंदविता येते.

एक गोष्ट मात्र आधी पाहून घ्यावी. सूचना न देता निघून गेलेल्या कर्मचाऱ्याविरुद्ध नियोक्ता त्या देशात ‘काम सोडून गेल्याची’ नोंद करू शकतो. अमिरातीच्या वरील कायद्यानुसार योग्य कारणाशिवाय करार संपण्यापूर्वी काम सोडणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्यास सर्वसाधारणपणे एक वर्ष नवा कामाचा परवाना मिळत नाही. त्याच देशात पुन्हा जाण्याचा विचार असल्यास आपल्या नावावर अशी नोंद आहे काय, याची चौकशी तिकीट काढण्यापूर्वी करावी.

प्रमाणपत्र नसले तरी सेवा नाहीशी होत नाही

संस्था बंद पडली किंवा माणसाला रातोरात निघावे लागले, तर प्रमाणपत्र कोणाकडे मागावयाचे? २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केल्यानंतर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने मायदेशी आणण्यात आले. एवढ्या घाईत निघालेल्या माणसांकडून कार्यमुक्तीच्या आदेशाची अपेक्षा कोण करील? ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेतून परतलेल्यांतही नोकरी अर्ध्यावर सुटलेले लोक होते. संस्थेची चाके थांबली की तिच्या दप्तराचे मोल किती वाढते, हे दुसरबीड परिसराला नव्याने सांगावयास नको. येथील जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडलेला या भागाने पाहिला आहे.

अशा वेळी सेवा सिद्ध करणारे इतर कागद उपयोगी पडतात. नेमणूकपत्र व करारनामा, पारपत्रावरील व्हिसा आणि प्रवेश-निर्गमनाचे शिक्के, त्या देशाचे निवासी ओळखपत्र, वेतनचिठ्ठ्या, दरमहा वेतन जमा झाल्याचे बँकेचे उतारे, वर्गाचे वेळापत्रक, शाळेने पाठविलेली कार्यालयीन पत्रे, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे यांतून सेवेचा काळ व स्वरूप पुरेसे स्पष्ट होते. हे सर्व तारखेच्या क्रमाने लावून वर एक पानाचे विवरण जोडावे. शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न असल्यास तिचा संलग्नता क्रमांकही द्यावा, म्हणजे तिचे अस्तित्व पडताळून पाहता येते.

परदेशात दिलेले प्रमाणपत्र भारतात अधिकृतरीत्या वापरावयाचे तर त्याचे साक्षांकन लागू शकते. कागदपत्रांच्या परस्पर मान्यतेविषयीच्या हेग कराराचा भारत २००५ पासून सदस्य आहे. ओमान, बहरीन, सौदी अरेबिया हेही सदस्य असल्याने तेथील कागदास ‘अपोस्टिल’ शिक्का पुरतो. सदस्य नसलेल्या देशातील कागदावर तेथील परराष्ट्र खात्याचे व त्यानंतर भारतीय दूतावासाचे साक्षांकन घ्यावे लागते.

संदर्भ कोणाचा द्यावा

संदर्भ म्हणून प्राचार्याचेच नाव द्यावे, असा नियम नाही. ज्याने आपले अध्यापन प्रत्यक्ष पाहिले आहे, अशा व्यक्तीचे म्हणणे अधिक मोलाचे असते. विभागप्रमुख, पर्यवेक्षक, परीक्षाप्रमुख किंवा बरोबरीने वर्ग घेणारा ज्येष्ठ सहकारी यांपैकी कोणी तरी सद्भाव राखून असतेच. दुसरे नाव परदेशी जाण्यापूर्वीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचे देता येते. मात्र नाव देण्यापूर्वी त्यांची अनुमती घ्यावी, आपण कोणत्या परिस्थितीत सेवा सोडली हे त्यांना प्रामाणिकपणे सांगावे आणि कोणत्या पदासाठी विचारणा होणार आहे तेही कळवावे. अचानक आलेल्या दूरध्वनीवर गोंधळून दिलेले उत्तर उमेदवाराचे नुकसान करते. मित्राला ‘प्राचार्य’ म्हणून उभे करणे ही फसवणूक होय, आणि बनावट कागद खरा म्हणून सादर करणे हा दंडनीय अपराध आहे.

अर्जात काय सांगावे

सेवाकाळ लपवू नये. परतल्याचे कारण दोन वाक्यांत सांगावे: “घरगुती कारणामुळे कराराची मुदत पूर्ण होण्यापूर्वी मी सेवा सोडली. सूचनेचा कालावधी मला पाळता आला नाही. संस्थेशी त्याबाबत पत्रव्यवहार केला आहे.” एवढे पुरे. जुन्या संस्थेची निंदा मुलाखतीत करू नये; ऐकणाऱ्याच्या मनात उद्या आपल्याविषयीही असेच बोलले जाईल, अशी शंका येते. संस्थेनेच सेवा समाप्त केली असेल, तर ‘राजीनामा दिला’ असे लिहू नये. संस्थेने काय कारण दिले व आपले म्हणणे काय, हे दोन्ही लिहावे.

शासकीय व अनुदानित शाळांतील भरती मुख्यत्वे ‘पवित्र’ प्रणालीद्वारे, चाचणीच्या गुणांवर होते. तेथे परदेशी प्राचार्याच्या मताला फारसे स्थान नाही. परंतु तेथील प्रतिज्ञापत्रे व चारित्र्य पडताळणी यांना मोठे महत्त्व आहे. फौजदारी प्रकरणांविषयी उमेदवाराने दिलेली माहिती खरी असावी, ती दडविली जाऊ नये, आणि नियोक्त्यानेही प्रकरणाचे स्वरूप पाहून निर्णय घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सांगितले आहे. मूळ घटनेपेक्षा ती लपविणेच पुष्कळदा अधिक महागात पडते.

मुख्याध्यापक व संस्थाचालकांचे कर्तव्य

हा विषय केवळ उमेदवाराचा नाही. नेमणूक करणाऱ्यांनी प्रमाणपत्राच्या अभावी अर्ज बाजूला टाकण्यापूर्वी त्याचे कारण विचारावे. जुन्या संस्थेकडून प्रतिकूल मत आले, तर उमेदवाराला त्यावर बोलण्याची संधी द्यावी. नियोक्ता आणि कर्मचारी यांच्या भांडणात एकाच बाजूचे ऐकणे न्यायाचे नव्हे.

त्याचबरोबर एक भेद कसोशीने पाळला पाहिजे. सूचनेची मुदत, वेतन, निवासस्थान यांवरून झालेला वाद ही एक गोष्ट. मुलांच्या सुरक्षिततेविषयीची तक्रार ही अगदी निराळी गोष्ट. पहिलीबाबत उदार दृष्टी ठेवता येईल, दुसरीबाबत नाही. चौकशी करताना ‘या व्यक्तीला मुलांमध्ये पुन्हा काम देण्यास आपली काही हरकत आहे काय?’ हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा अपराधाची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. अशा माणसाला गोड शिफारसपत्र देऊन दुसऱ्या शाळेत धाडणे म्हणजे आपल्या दारचा विंचू शेजारच्या घरात सोडणे होय.

संदर्भ देणाऱ्या अनेकांना अब्रुनुकसानीची भीती वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानीची तरतूद आहे; पण दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान त्यातून वगळलेले आहे. म्हणून जे माहीत आहे तेच, रागलोभ न ठेवता, कागदाच्या आधारे लिहावे.

जाण्यापूर्वीच घ्यावयाची काळजी

दहावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्यांच्या पारपत्रास १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील पूर्वपरवानगी सर्वसाधारणपणे लागत नाही. ही सवलत सोयीची आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा, की शिक्षकाचा करारनामा कोणतेही सरकारी कार्यालय आधी तपासत नाही. तो स्वतःच वाचावा लागतो. सूचनेची मुदत किती, परीक्षणकाळात काय नियम, मुदतीपूर्वी सोडल्यास कोणती रक्कम द्यावी लागेल, ही कलमे सही करण्यापूर्वी समजून घ्यावीत. कराराची एक प्रत घरी ठेवावी. दलाल नोंदणीकृत आहे काय, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ यादीत पाहावे.

गावची शाळा सोडतानाही रीत पाळावी. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीचा १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली यांनुसार कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची व अस्थायी कर्मचाऱ्याने एक महिन्याची सूचना किंवा तेवढे वेतन द्यावयाचे असते. राजीनामा दोन प्रतींत लिहून एक प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवावी व दुसरी जवळ ठेवावी. परदेशी जाण्याच्या घाईत येथील दार आपटून बंद करणाऱ्यास परतताना दोन्ही दारे बंद आढळतात.

ग्रामपंचायतीचे सदस्य व शिक्षक यांना या बाबतीत साधे पण मोलाचे काम करता येईल. परदेशी निघालेल्या तरुणाला करार वाचून दाखविणे, कागदांच्या प्रती करून ठेवण्यास सांगणे आणि परतलेल्याला पत्र लिहिण्यास साहाय्य करणे, यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही. मधूनच परतलेल्या माणसाकडे गाव संशयाने पाहते व तोही तोंड चुकवू लागतो. पण दोन वर्षे परक्या देशात मुलांना गणित वा इंग्रजी शिकविलेल्या शिक्षकाचा अनुभव एका अपुऱ्या कागदामुळे वाया जाणे, हे त्याच्याइतकेच गावच्या शाळेचेही नुकसान आहे. ते टाळणे आपल्या हाती आहे.