गाठोड्यातले रंग

गोधडी अंगावर घ्यायची पावसाळ्यात आणि थंडीत, पण ती शिवली जाते ऐन उन्हाळ्यात. पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येला भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके आहेत. वेल्ह्याचं नाव सरकारदरबारी आता राजगड झालं आहे, बोलण्यात मात्र अजून वेल्हेच. हिरडस मावळ, वेळवंड खोरं, गुंजण मावळ, कानद खोरं अशी शिवकाळापासूनची नावं वागवणारा हा मुलूख भाताचा. आषाढात चिखलात उतरून लावणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी, तोवर कुणाला सुईत दोरा ओवायलाही सवड नसते. हात मोकळे होतात ते फाल्गुन-चैत्रात. ऊन कडक असतं, ओटी कोरडी असते, सात फुटांचं कापड चारी बाजूंनी ताणून पसरायला जागा असते. कुरडया-पापडांच्या जोडीनं गोधड्या निघतात त्या याच दिवसांत. आणि त्या मिरगाच्या आत संपवाव्याच लागतात, कारण इथला पाऊस एकदा लागला की चार-पाच थरांचं भिजलेलं कापड आठवडाभर वाळत नाही.

गोधडीवर लिहायला बसलेला माणूस दुसऱ्या वाक्यात आजीच्या मायेवर येतो. माया खरीच आहे. पण त्या मायेच्या उबेत एक गोष्ट झाकली जाते: चांगली गोधडी हे रंगांचं मोठं अवघड काम आहे आणि मावळातल्या बाया ते पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, कुणी त्याला कला म्हणो न म्हणो.

त्यांच्या हाताशी रंग कुठून यायचे? घरातल्या गाठोड्यातून. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण आठ मीटर कापड. ते बसायच्या जागी आणि गुडघ्याशी आधी विरतं, पदर आणि काठ शाबूत राहतात. मग विरलेला भाग कापून दोन टोकं जोडायची, म्हणजे दंड घालायचा, आणि लुगडं आणखी वर्षभर नेसायचं. दंड घातलेलंही विरलं की त्यातला धड भाग गाठोड्यात जायचा, अर्थात तोवर भांड्यांच्या बदल्यात बोहारणीनं नेला नाही तर. पुरुषांच्या बाजूनं यायचं धोतर, पटका, सदरा आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. जुन्या गोधडीची रंगसंगती समजायला हा हिशेब पुरतो. पांढरं आणि फिकट कापड बहुतेक पुरुषांचं, रंग बहुतेक बायकांचे. चंद्रकळेचा काळा, इरकलीच्या काठाचा लाल, ओटीभरणाच्या लुगड्याचा हिरवा, शिवाय आमसुली, अंजिरी, जांभळा, मोरपंखी. म्हणजे घरात आपसूकच एक गडद ढीग आणि एक फिकट ढीग तयार असायचा.

गोधडी शिवायला घेताना आधी खाली अख्खं लुगडं अंथरतात, ते अस्तर. कोपऱ्यांवर दगड, पायली, वरवंटा, जे हाताला लागेल ते वजन. त्यावर विरलेल्या कापडांचे थर. भोक असलेल्या जागी दुसरा तुकडा येईल असे ते रचायचे आणि प्रत्येक थर तळव्यानं मधून कडेकडे सारत नेत सुरकुत्या बाहेर काढायच्या. सुरकुती आत राहिली तर ती जन्मभर पाठीला टोचते. मग वरचा थर, ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा. तुकडे मांडले जातात, उचलले जातात, पुन्हा मांडले जातात. कागद-पेन्सिल नसते. कुणी तरी शेजारीण उंबऱ्यातून म्हणते, ‘ते हिरवं तिकडं सरकव, दोन हिरवी शेजारी आली,’ आणि ते सरकतं. लांब कच्चे टाके घालून थर बांधले की दोघी-तिघी गोधडीवरच बसून वेगवेगळ्या बाजूंनी धावदोरा घालू लागतात. ओळी कधी सरळ लांबीनं जातात, कधी कडेनं चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. शेवटी कडेला गोट.

या धावदोऱ्याचं रंगाशी मोठं नातं आहे, आणि ते लांबून दिसत नाही. दोरा बहुतेकदा पांढरा. तो काळ्यावरून, लालवरून, हिरव्यावरून सारख्याच अंतरानं जातो, त्यामुळं प्रत्येक रंगावर पांढऱ्याचा बारीक शिडकावा होतो आणि भांडणारे रंगही जरा नमतं घेतात. त्यात टाक्यांमुळं कापडाला बारीक चुण्या पडतात, उजेड सपाट पडत नाही, रंग मऊ दिसतो. दुसरं नातं धुण्याचं. नीरेवर, गुंजवणीवर, वेळवंडीवर वर्षानुवर्षं आपटून धुतलेली लुगडी एकाच पाण्यानं आणि एकाच उन्हानं विटलेली असतात. काळा जरा तपकिरीकडे झुकतो, लाल विटकरी होतो, हिरवा शेवाळी. सगळे रंग एकाच दिशेनं उतरलेले असल्यामुळं ते एका घरातले वाटतात. जुन्या गोधडीतला तो जमलेला मेळ पाहून आपण बाजारातून कोरं लाल, कोरं हिरवं, कोरं काळं आणतो आणि तीच मांडणी करतो. निकाल लग्नाच्या मांडवासारखा भडक येतो. दोष मांडणीचा नसतो. कोऱ्या रंगांनी एकत्र दिवस काढलेले नसतात, एवढंच.

मधल्या काळात गाठोडंच बदललं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यातून बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. स्वस्त सुती कापडाची जागा त्याच सुमारास कृत्रिम धाग्याच्या साड्या घेत होत्या. या साड्या विरत नाहीत, विटत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि सुईखाली सरकतात. त्यांच्या गोधड्या आजही खेडोपाडी दिसतात. माझं मत विचाराल तर त्या रंगानं झगझगीत आणि अंगाला परक्या वाटतात, पण त्या शिवणाऱ्या बाईला दोष देऊ नये. जे गाठोड्यात येतं तेच गोधडीत जातं.

पुढं जगाच्या दुसऱ्या टोकाला चिंध्यांच्या पांघरुणांना भिंतीवर जागा मिळाली. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांवर तिकिटं काढली. मोठे सपाट रंग, वाकड्या कडा, भरपूर मोकळी जागा हे आज ज्याला ‘मॉडर्न क्विल्ट’ म्हणतात त्याचे विशेष जीज बेंडच्या बायका आधीपासून वापरत होत्या. आपल्याकडं उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी समाजाच्या कवंदीकडे, म्हणजे त्यांच्या गोधडीकडे, अभ्यासकांचं लक्ष गेलं. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक केलं. मावळातली गोधडी या सगळ्यांची सख्खी बहीण आहे. तिच्यात आधुनिक काय घालायचं असा प्रश्न घेऊन येणाऱ्या डिझायनरनं आधी कुठल्याही ओटीवरची एक जुनी वाकळ उलगडून पाहावी. बरंचसं उत्तर तिथंच आहे.

तरीही नव्या कापडाची रंगीत गोधडी करायची झाली तर? जरूर करावी. फक्त जे काम पूर्वी गरिबी आणि नदी करत होत्या ते आता आपल्याला डोक्यानं करावं लागतं.

पाच फूट बाय सात फुटांची एकेरी गोधडी धरू. सहा इंची चौकोन घेतले तर आडवे 10, उभे 14, म्हणजे 140 चौकोन. शिवणीसाठी चारी बाजूंनी पाव इंच सोडायचं, म्हणून कापायचे साडेसहा इंची. 44 इंच पन्ह्याच्या सुती कापडातून एका ओळीत सहा निघतात. आता वाटणी. 140 पैकी 60 फिकट, 50 गडद, 22 मधल्या छटांचे आणि उरलेले आठ एकाच झणझणीत रंगाचे. हा झणझणीत रंग कुठला यावर लोक दुकानात तासभर घालवतात, आणि 60 विरुद्ध 50 कडे बघतही नाहीत. खरं तर गोधडी उठून दिसते ती गडद-फिकटाच्या फरकामुळं. लाल की निळा हा प्रश्न नंतरचा. फरक पाहायची जुनी युक्ती म्हणजे डोळे अर्धे मिटून बघणं. नवी युक्ती, मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करणं.

ही युक्ती याच मुलखातल्या रंगांवर करून बघण्यासारखी आहे. भाद्रपदात रायरेश्वराच्या पठारावर सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी आणि खाली खाचरांत भाताचा हिरवा एकाच वेळी असतो. या तिघांची गोधडी करायचा मोह कुणालाही होईल. पण फोटो कृष्णधवल केला की तेरडा आणि भात दोघेही जवळपास सारखेच राखाडी निघतात. शेजारी शेजारी ठेवले तर लांबून त्यांचा नुसता गोंधळ होतो. डोंगरावर ते शोभतात कारण मध्ये काळा कातळ असतो. गोधडीत तो कातळ आपण आणायचा: चंद्रकळेचा काळा, नाहीतर गडद वांगी. पिवळा फक्त आठ चौकोनांना पुरवायचा. हिरव्याच्या दोन-तीन छटा घ्यायच्या, तरव्याचा पोपटी आणि पिकल्या भाताचा हळदीकडे झुकणारा. आणि एकूण एक छटा दुकानातून न आणता निदान तिसरा हिस्सा वापरलेल्या कापडाचा ठेवायचा. जुना सुती शर्ट, विटलेला परकर, धोतर. कोऱ्या रंगांना त्यांच्या संगतीत थोडं वळण लागतं.

कापण्याआधी सगळं नवं कापड धुऊन घ्यायलाच हवं. सुती कापड आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर एक चौकोन ओढला जातो, शेजारचा फुगतो. लाल आणि गडद निळ्यावर ओलं पांढरं फडकं घासून बघावं. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवावं, तरीही सुटत असेल तर मोह सोडावा. पांढऱ्याशेजारी रंग सोडणारा लाल बसवणं म्हणजे पहिल्या धुण्यालाच सगळ्या कष्टांवर पाणी. कापड उभ्या-आडव्या धाग्याच्या रेषेत कापावं. तिरकं कापलेलं ताणलं जातं आणि चौकोन चौकोन राहत नाही.

मशीननं शिवायची की हातानं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वरचे चौकोन मशीनवर जोडले तर काही बिघडत नाही, काम नेटकं होतं. थर मात्र हाताच्या धावदोऱ्यानंच बांधावेत. मशीनचा टाका कापडाला घट्ट दाबतो आणि गोधडी सतरंजीसारखी ताठ होते. हातच्या टाक्यात ढिलेपणा असतो, मऊपणा त्यातूनच येतो.

आणि त्या हातच्या टाक्याची किंमत कुणीतरी मोजायला हवी. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी या खोऱ्यांत बायकांचे बचत गट उभे केले, त्यामुळं पैशाचा हिशेब मांडायची, चार जणींत बोलायची सवय इथं रुजली आहे. गोधडीचा हिशेब मात्र अजून ‘किती देता?’ या प्रश्नावर अडतो. तो आकड्यांत मांडायला अवघड नाही. पाच बाय सात फुटांच्या गोधडीवर अर्ध्या इंचाच्या अंतरानं लांबीच्या ओळी घातल्या तर 120 ओळी होतात, म्हणजे 840 फूट धावदोरा. इंचाला चार टाके धरले तर 40,000 हून जास्त टाके. मिनिटाला 20 टाके या चांगल्या वेगानं हे नुसतं टाके घालण्याचं काम 33 तासांच्या वर जातं. मांडणी, कापणी, जोडणी आणि गोट यांचा वेळ वेगळा.

पुढच्या वेळी पुण्यात, नाहीतर भोरच्या बाजारात हातची गोधडी घ्याल तेव्हा या 33 तासांना तुमच्या घरी दुरुस्तीला येणाऱ्या कारागिराच्या तासाच्या दरानं गुणा, वर कापडाचे पैसे धरा, आणि घासाघीस करायचीच असेल तर त्या आकड्यापासून सुरू करा.