घरासाठी ठेवलेले पैसे

बँकेतून निवृत्त झालेला माणूस नातेवाइकांना दोनदा हमखास आठवतो. एकदा कर्जाला जामीन हवा असतो तेव्हा, आणि एकदा हातात चार पैसे आले म्हणजे. गेल्या श्रावणात हमरापूरच्या धाकट्या बहिणीचं बोलावणं आलं, ते दुसऱ्या प्रकारचं होतं.

पेण तालुक्यातलं हमरापूर हे गणपतींचं गाव. श्रावणात पडवीपासून माळ्यापर्यंत मूर्तीच मूर्ती. बहिणीनं दोन गणपती सरकवून मला बसायला जागा केली. भाचा पनवेलला नोकरीला असतो. बायको आणि मुलीसह भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. स्वतःच्या घरासाठी त्यानं आठ वर्षांत पंधरा लाख रुपये जमवले होते.

"मामा, पनवेलला मनासारखं घर अजून झेपत नाही," तो म्हणाला. "पेणला चाळीस लाखांचा फ्लॅट मिळतोय. रात्रपाळीमुळे मला तिथे राहता येणार नाही, पण भाड्यानं देईन. भाड्यातच हप्ता फिटेल, असं एजंट म्हणतो."

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, तेव्हापासून या बाजूच्या एजंटांच्या बोलण्यात 'तिसरी मुंबई' सारखी येते. शिवाय पेणच्या माणसाला बँकेतल्या ठेवीपेक्षा विटा भरवशाच्या वाटल्या, तर त्याला दोष देता येत नाही. २०१० मध्ये इथल्या अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांची पुंजी अडकली. ते दिवस तालुका विसरलेला नाही.

मी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. पंचवीस लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत; हप्ता साधारण साडेबावीस हजार. भाडं एजंटच्याच तोंडून नऊ हजार. वर्षात दोन महिने घर रिकामं धरलं, तर नव्वद हजार. त्यातून सोसायटी, घरपट्टी, दुरुस्तीचे चोवीस हजार वजा. उरले सहासष्ट हजार, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार. हप्त्याचे सतरा हजार खिशातून, आणि स्वतःच्या खोल्यांचं बारा हजार भाडं वेगळंच. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च तर मी धरलाही नव्हता.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. १९९४ साली मीही कर्ज काढून दुसरी जागा घेतली होती. भाडेकरू गेला आणि जागा चार महिने कुलपात राहिली. दिवसा काउंटरवर लोकांना कर्जाचे सल्ले द्यायचे आणि रात्री घरी दुधाच्या बिलावरून कुरकुरायचं, असे ते चार महिने गेले.

कायद्याची भीती मात्र आता पूर्वीइतकी उरलेली नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली आणि 'एकदा भाडेकरू शिरला की घर गेलं' ही धास्ती दोन पिढ्यांच्या मनात बसली. नवा कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याची सोय त्यात आहे. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अगदी अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. अनेक जण नेमकी तीच टाळतात.

म्हणजे भाड्याचं घर वाईट नव्हे. डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे, कर्ज थोडं आहे, जागा रिकामी राहिली तरी चूल पेटते, अशा माणसानं खुशाल घ्यावं.

बहीण इतका वेळ रंगाची वाटी हातात धरून ऐकत होती. ती म्हणाली, "दादा, चतुर्थी झाली की उरलेली मूर्ती वर्षभर सांभाळावी लागते. मोठ्या कारखानदाराला ते परवडतं, आम्हाला नाही. याचं घर रिकामं पडलं तर थांबायची ऐपत आहे का याची?"

भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "खोली बदलली की मुलगी विचारते, बाबा, इथे भिंतीवर चित्र चिकटवलं तर चालेल का?"

आठवडाभरानं त्याचा फोन आला. एजंटला त्यानं नाही म्हणून कळवलं होतं. २०२० पासून ठेवींना प्रत्येक बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा आहे. म्हणून पंधरा लाख त्यानं चार बँकांत विभागले. आता पनवेलमध्येच लहानसं, जुनं, पण स्वतःला राहायचं घर तो बघतो आहे. जागा आवडली की कागदपत्रं तपासायला मला बोलावणार आहे. चष्मा पुसून मी तयार आहे.