स्वल्पविराम, उभी रेघ आणि मजकुराचे तुकडे

आमच्या विद्यार्थ्यांनी अँड्रॉइड मोबाइलसाठी गुणनोंदीचे एक छोटे ॲप जावा भाषेत तयार केले. प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ. आधी नाव, मग विषयवार गुण, मध्ये स्वल्पविराम. ओळीचे तुकडे करण्याचे काम ‘स्प्लिट’ या आज्ञेकडे. मराठीत भरलेल्या ओळी व्यवस्थित तुटल्या. उर्दूत भरलेली एकही ओळ तुटेना. मुले प्रोग्राममध्ये चूक शोधत राहिली. ती कीबोर्डात होती.

उर्दू कीबोर्डावरचा उलट्या वळणाचा स्वल्पविराम हे वेगळेच चिन्ह आहे. युनिकोडमध्ये मराठी व इंग्रजीच्या स्वल्पविरामाचा क्रमांक ४४, उर्दूच्या स्वल्पविरामाचा १५४८. वाचकाच्या दृष्टीने दोघांचे काम एकच, पण संगणक फक्त क्रमांक पाहतो. (उर्दू शिकवणाऱ्याच्या हे आधी लक्षात यायला हवे होते, हे कबूल केले पाहिजे.) चौकटी कंसात दोन्ही स्वल्पविराम लिहून तो कंस स्प्लिटला दिला, तेव्हा ओळी तुटल्या.

हा कंस चालतो, कारण जावातील स्प्लिट विभाजकाला साधे अक्षर न मानता नमुना म्हणून वाचते. हीच सोय पुढे नडते. स्वल्पविरामाची कटकट नको म्हणून एकाने उभी रेघ वापरली. नमुन्यांच्या भाषेत उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’ असा होतो. एकटी रेघ म्हणजे ‘काही नाही किंवा काही नाही’. त्यामुळे मजकूर प्रत्येक चिन्हापाशी तुटतो. ‘सलमा’चे स, ल, म आणि शेवटी एकटा पडलेला काना! रेघेपूर्वी दोन तिरप्या उलट्या रेघा दिल्या की ती साधे चिन्ह ठरते.

सर्वांत घातक चूक मात्र दिसतच नाही. शेवटच्या दोन विषयांना गैरहजर असलेल्या मुलीच्या ओळीत अखेरची दोन घरे रिकामी असतात. जावातील स्प्लिट शेवटचे रिकामे तुकडे मुकाट्याने टाकून देते. पाच विषयांचे तीन झाले, की चौथा विषय मागताच ॲप बंद पडते, किंवा तीनच विषयांची सरासरी निघून गैरहजर मुलगी वरच्या क्रमांकावर जाते. उपाय एवढाच : स्प्लिटला दुसरी संख्या म्हणून उणे एक द्यावी, म्हणजे रिकामी घरेही हाती येतात.

गूगलने २०१७ साली अँड्रॉइडसाठी अधिकृत केलेल्या कॉटलिन भाषेत स्प्लिटला दिलेले चिन्ह साधे चिन्हच राहते आणि रिकामे तुकडेही टिकतात. उर्दूचा स्वल्पविराम मात्र तिथेही वेगळा सांगावा लागतो.