बेकारी भत्ता: मुदत किती असावी?

कारखाना बंद पडला आणि कामगाराचा काही दोष नसता तो घरी बसला, तर त्याला काही काळ ठरावीक रक्कम मिळावी, या तत्त्वाबद्दल आज फारसे दुमत राहिलेले नाही. वाद चालतो तो या ‘काही काळ’ शब्दांविषयी. तीन महिने म्हणजे काही काळ की दोन वर्षे? आणि ती मुदत संपूनही काम मिळाले नाही, तर पुढे काय? ज्या देशांनी हा भत्ता फार पूर्वी सुरू केला, त्यांनाही या प्रश्नाचे कायमचे उत्तर सापडलेले नाही. आपल्या देशातही विमेदार कामगारांना असा भत्ता मिळतो. तथापि त्याची माहिती पुष्कळांना नसते. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने पाहणे उपयुक्त होईल.

मुदत घालण्यामागे मुळात एक साधा हिशेब आहे. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने बेकारीचा विमा प्रथम देशव्यापी झाला. कामगार, मालक आणि शासन या तिघांनी निधीत वर्गणी भरावयाची आणि काम गेलेल्याला आठवड्याला सात शिलिंग द्यावयाचे, तेही वर्षातून जास्तीत जास्त पंधरा आठवडे. जमा मर्यादित, म्हणून खर्चही मर्यादित. गोदीकाम, बांधकाम, जहाजबांधणी या धंद्यांत काम हंगामी असते. मंदी येते आणि जाते. पंधरा आठवड्यांत माणूस पुन्हा कामाला लागतो, असे त्यामागील गृहीत होते. १९२० नंतरच्या मंदीत ते टिकले नाही. कोळशाच्या खाणी व जहाजबांधणीच्या गावांतून माणसे वर्षानुवर्षे रिकामी राहू लागली आणि मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली. १९३१ साली तेथील शासनाने विम्याचा भत्ता सव्वीस आठवड्यांवर आणला आणि त्यापुढे मदत हवी असल्यास घरातील सर्वांच्या मिळकतीची चौकशी करण्याची अट घातली. मुलगा किंवा मुलगी चार पैसे मिळवीत असेल, तर बापाची मदत कमी होई. ही चौकशी ब्रिटिश कामगारवर्ग पुढे कित्येक वर्षे विसरला नाही.

या वादाचे अलीकडचे आणि सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथे १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यापासून प्रत्येक राज्याचा स्वतंत्र बेकारी विमा आहे. त्याचा निधी मुख्यतः मालकांवरील करातून उभा राहतो आणि बहुतेक राज्यांत भत्त्याची मुदत दीर्घकाळ सव्वीस आठवडे होती. मंदी आली की केंद्रीय शासनाने आपल्या तिजोरीतून तात्पुरती वाढीव मुदत द्यावयाची, असा तेथील प्रघात. जून २००८ मध्ये अशीच तातडीची योजना मंजूर झाली. पण त्या वेळची मंदी नेहमीसारखी नव्हती. ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारीचे प्रमाण शेकडा दहावर गेले. संसद एकामागून एक टप्पे वाढवीत गेली आणि जेथे बेकारी अधिक त्या राज्यांत एकूण मुदत नव्याण्णव आठवड्यांपर्यंत पोहोचली: राज्याचे सव्वीस, तातडीच्या योजनेचे त्रेपन्न आणि कायम स्वरूपाच्या वाढीव योजनेचे वीस. २०१० साली दर शंभर बेकारांपैकी सुमारे पंचेचाळीस जण सहा महिन्यांहून अधिक काळ कामाविना होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे असे कधी घडले नव्हते.

ही मुदतवाढ एकदाच होऊन थांबत नसे. दर काही महिन्यांनी योजनेची तारीख संपावयाची, आणि मग ती पुढे न्यावी की नाही यावर डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन पक्षांत झुंज जुंपावयाची. २०१० च्या उन्हाळ्यात हा तंटा इतका लांबला की योजना काही आठवडे खंडित झाली आणि जुलैअखेर पुन्हा चालू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात जी वाढ मिळाली, ती करसवलती चालू ठेवण्याच्या सौद्यात बांधून. म्हणजे शेजारी काम शोधणाऱ्या माणसाचा पुढील महिन्याचा भत्ता श्रीमंतांच्या कराशी जोडला गेला. राजकारणात असे व्यवहार होतातच. पण ज्याची चूल त्यावर अवलंबून आहे त्याला ते समजावून सांगणे अवघड आहे.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. भत्ता दीर्घकाळ मिळत राहिला तर माणूस कमी पगाराचे किंवा दूरचे काम नाकारतो, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा खर्चाचा: ही रक्कम विम्याच्या वर्गणीतून येत नसून कर्ज काढून दिली जाते, तेव्हा दुसरीकडे तितकी काटकसर करा. तिसरा मुद्दा असा, की तातडीची म्हणून काढलेली योजना साडेपाच वर्षे चालली, मग तिला तातडीची म्हणावयाचे कसे?

समर्थकांचे उत्तर आकड्यांचे होते. मंदी भरात असताना एका रिकाम्या जागेमागे सहांहून अधिक बेकार होते. २०१३ अखेरही जवळजवळ तीन. सगळ्यांनी कितीही कसून काम शोधले, तरी तिघांपैकी दोघे रिकामेच राहणार. शिवाय भत्त्याची रक्कम बँकेत पडून राहत नाही. ती किराणा, घरभाडे, औषधे यांवर लगेच खर्च होते आणि गावच्या दुकानदाराची विक्री टिकून राहते. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने डिसेंबर २०१३ मध्ये असा अंदाज दिला, की आणखी एक वर्ष मुदत वाढविल्यास सुमारे २५ अब्ज डॉलर खर्च येईल आणि २०१४ च्या अखेरीस सुमारे दोन लाख नोकऱ्या अधिक असतील.

या बाबतीत अभ्यासकांचेही एकमत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जेसी रॉथस्टाइन यांनी २०११ मध्ये दाखविले, की मुदतवाढीमुळे बेकारीचे प्रमाण वाढले ते फार तर अर्ध्या टक्क्याने. त्यातील निदान निम्मा भाग तर असा, की भत्त्यासाठी काम शोधणे सक्तीचे असल्याने माणसे शोध सोडून न देता बेकारांच्या गणतीत राहिली. उलट काही अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की पुढे मुदतवाढ बंद झाल्यानेच लाखो नव्या नोकऱ्या निघाल्या. दोन्ही बाजूंची पद्धत शास्त्रीय, आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध. मात्र एका प्रयोगाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. तीन संशोधकांनी शंभर शहरांतील सुमारे तीन हजार जाहिरातींना सुमारे बारा हजार काल्पनिक अर्ज पाठविले. पात्रता सारखी; फरक फक्त किती महिने बेकार आहे, एवढाच. बेकारीचा काळ जसजसा लांब, तसतशी मुलाखतीची बोलावणी कमी, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत झालेली दिसली. माणूस आळशी झाला की नाही याची परीक्षा घेण्यापूर्वीच मालक त्याचा अर्ज बाजूला ठेवतो, असा याचा अर्थ. प्रस्तुत लेखकाच्या मते भत्त्याने माणूस सुस्तावतो या तर्काला यापेक्षा मोठा छेद दुसरा नाही. कारण येथे उमेदवार मुळी अस्तित्वातच नव्हते.

शेवटी २८ डिसेंबर २०१३ रोजी तातडीची योजना संपली आणि सुमारे तेरा लाख लोकांचा भत्ता एका दिवसात थांबला. एप्रिल २०१४ मध्ये सिनेटने पाच महिन्यांची वाढ ५९ विरुद्ध ३८ मतांनी संमत केली, पण प्रतिनिधिगृहाने ते विधेयक विचारार्थ घेतलेच नाही. पुढे २०२० च्या महासाथीत मात्र त्याच संसदेने पुन्हा मुदतवाढ दिली. ती सप्टेंबर २०२१ मध्ये संपली.

आता आपल्याकडील स्थिती. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. मात्र तो ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. महाराष्ट्राने १९७२ पासून रोजगार हमी योजनेद्वारे भत्त्याऐवजी कामच देण्याची वाट धरली. वि. स. पागे यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडलेले आहे. पुढे २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार कायद्यात, मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास भत्ता देण्याची तरतूद झाली. शेजारच्या कर्नाटकात जानेवारी २०२४ पासून ‘युवा निधी’ योजनेखाली पदवीधरास दरमहा ३,००० आणि पदविकाधारकास १,५०० रुपये, काम मिळेपर्यंत पण जास्तीत जास्त दोन वर्षे, देण्यास प्रारंभ झाला. येथेही मुदतीची भिंत आहेच.

कारखान्यांतील व आस्थापनांतील विमेदार कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘ईएसआय’च्या, दोन योजना आहेत. पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद होणे, कामगार कपात, किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने कायमचे अपंगत्व, या कारणांनी काम गेल्यास ती लागू होते. आरंभी मुदत सहा महिने होती, मग ती एक वर्ष झाली, आणि त्यानंतर दोन वर्षे. पहिल्या वर्षी वेतनाच्या निम्मी रक्कम व दुसऱ्या वर्षी पाव. दुसऱ्या वर्षी दर उतरविणे ही कल्पना विचार करण्याजोगी आहे: आधार एकदम तुटत नाही आणि निधीवरचा भारही बेसुमार होत नाही. दुसरी अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून दोन वर्षांच्या प्रयोगासाठी आली. तिच्यात आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त नव्वद दिवस, सरासरी कमाईच्या पाव रक्कम मिळे. २०२० च्या टाळेबंदीत ती निम्मी करण्यात आली. या योजनेची तारीख जून २०२१, जून २०२२, जून २०२४ आणि जून २०२६ अशी पुढे पुढे गेली. वाचकांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. वाढली ती योजनेची तारीख. एका माणसाला मिळणारे नव्वद दिवस तेवढेच राहिले. वर्तमानपत्रांत ‘मुदतवाढ’ वाचून पुष्कळांचा गैरसमज होतो.

विम्याबाहेर राहिलेल्यांचा प्रश्न वेगळाच आहे आणि गोव्याला त्याचा अनुभव आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये येथील खनिज उत्खनन स्थगित झाले. मध्यंतरी सुरू होऊन, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर, मार्चमध्ये ते पुन्हा थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत खाणीवरचा कामगार तर बसलाच. पण ट्रकमालक, बार्जवरचा खलाशी, गॅरेजवाला, रस्त्याकाठची खाणावळ चालविणारी बाई यांचेही उत्पन्न गेले. यांपैकी अनेक जण कुणाचेही ‘कामगार’ नव्हते, म्हणून कामगार विम्याच्या व्याख्येत बसत नव्हते. राज्य शासनाला त्यांच्यासाठी वेगळ्या अर्थसाहाय्य योजना काढाव्या लागल्या. जेथे सबंध तालुक्याचा धंदाच थांबतो, तेथे ‘तीन महिन्यांत दुसरे काम पाहा’ असे सांगून भागत नाही. ट्रक विकावयाचा म्हटला तरी घेणारा त्याच गावात रिकामा बसलेला असतो.

ईएसआयचा भत्ता मागू इच्छिणाऱ्यांसाठी काही गोष्टी. स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला राजीव गांधी योजनेचा भत्ता मिळत नाही. म्हणून कपातीच्या वेळी कोणी राजीनाम्याच्या कागदावर सही मागितली, तर ती करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा, आणि वाचता येत नसल्यास गावच्या शिक्षकाकडून वाचवून घ्यावा. कपातीची नोटीस, विमा क्रमांक आणि बँकेचे पासबुक जपून ठेवावे. गैरवर्तनावरून काढलेल्या कामगारास दोन्ही योजना बंद आहेत. अर्ज करण्यास उशीर लावू नये. तो आपल्या विभागातील ईएसआय शाखा कार्यालयाकडे करावा आणि त्या दिवशी लागू असलेले दर, पात्रतेचा काळ व योजनेची तारीख तेथेच विचारून घ्यावी.