मोडक्या पात्याची साक्ष

भारतात नागरी विमानांच्या अपघातांचा तपास करणारी ‘एएआयबी’ ही यंत्रणा २०१२ च्या नियमांनुसार उभी राहिली, ती मुख्यतः परवाने देणाऱ्या ‘डीजीसीए’कडेच चौकशी राहू नये म्हणून. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणी उड्डाणाला निघालेले ‘किंग एअर सी-९०’ हे छोटे विमान घाटकोपरच्या भरवस्तीत कोसळून विमानातील चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी मृत्युमुखी पडले, तेव्हाही तपास याच यंत्रणेकडे होता.

उड्डाणानंतर लगेच कोसळलेल्या लहान विमानाचा तपास विशेष कठीण असतो, कारण प्रशिक्षणाच्या विमानात ब्लॅक बॉक्स बहुधा नसतोच, आणि मग जमिनीवर विखुरलेल्या धातूलाच बोलते करावे लागते. पहिला प्रश्न असतो तो आदळताना इंजिन चालू होते का, हा. पंख्याची पाती पिळवटलेली, पुढे वाकलेली आणि पुढच्या कडेला खाचा पडलेली असली तर इंजिन जोर लावत होते असे मानण्यास आधार मिळतो. उलट एक पाते मागे दुमडलेले आणि दुसरे जवळजवळ सरळ असले तर इंजिन बंद पडल्याचा संशय बळावतो. मातीवरचे घावही मोजले जातात: मिनिटाला २४०० फेरे घेणारा दोन पात्यांचा पंखा सेकंदाला ८० घाव घालतो, आणि सलग दोन घावांत ३९ सेंटिमीटर अंतर भरले तर विमानाचा वेग ताशी सुमारे ११२ किलोमीटर होता, असा हिशेब निघतो. इतकी बोलकी साक्ष क्वचितच दुसरी मिळते. तरीही एकट्या खुणेवर निष्कर्ष काढला जात नाही, तर इंधनाचे नमुने, देखभालीच्या नोंदी आणि विमानातील वजनाची मांडणी तिच्याशी ताडून पाहिली जाते.

इंजिन बंद पडल्याचे सिद्ध झाले तरी शोध तिथे थांबत नाही, कारण पुष्कळदा जीव जातो तो त्यानंतरच्या वळणात. धावपट्टीकडे परतण्यासाठी वैमानिक विमान ४५ अंशांनी कलवून उंची राखू पाहतो, तेव्हा ‘स्टॉल’चा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखांची उचल ढासळते तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, आणि नेमका तेवढा वेग त्याच्या हाती नसतो.

दोष ठरवणे हा या तपासाचा हेतूच नसतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारातील १३ व्या परिशिष्टानुसार पुढचा अपघात टाळणे एवढाच त्याचा उद्देश असून, प्राथमिक अहवाल ३० दिवसांत देणे अपेक्षित असते.

९ ऑक्टोबर २०२१ रोजी कोकणातील चिपीचा विमानतळ सुरू झाल्यापासून पिंगुळी, कुडाळ, परुळे या गावांच्या आभाळात विमाने नवी राहिलेली नाहीत. असा प्रसंग कधी न येवो. पण आलाच, तर प्रथम पोहोचणाऱ्यांनी जखमींना बाहेर काढावे, आग विझवावी आणि त्यापलीकडे एकही तुकडा जागचा हलवू नये.